बालकवि ठोमरे

'फुलराणी' व 'श्रावणमास' या कविता आमचे हिंगोलीचे विद्यार्थी हर्षानें म्हणतात. त्यांचे कर्ते त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० सालीं खानदेशांत धरणगांवीं झाला. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत डॉ. कीर्तिकरांनीं त्यांस 'बालकवि' ही पदवी दिली. पुढें रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई यांनीं तेव्हांच्या अहमदनगरांत त्यांस घरच्या मुलासारखें सांभाळिलें. ५ मे १९१८ रोजीं भादली स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातांत ते निवर्तले. वयाचीं २८ वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

याच आनंदी लेखणीनें 'उदासीनता' ही कविताहि लिहिली. तींत अकारण दाटणारी खिन्नता आहे. त्यावरून कवीस अमुक रोग होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आठवडेच्या आठवडे न हटणारी खिन्नता, किंवा कांहीं दिवस झोंपेवांचून अनावर उत्साह व मागाहून घोर विषाद, हे आजार असूं शकतात. तो आळस नव्हे, पाप नव्हे, भूतबाधाहि नव्हे. त्यावर औषधोपचार आहेत. पालकांनीं अशा मुलास बोल न लावतां डॉक्टरांकडे न्यावें. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवरहि विनामूल्य सल्ला मिळतो. आणि टिळक दंपतीप्रमाणें त्यास मायेनें जवळ करावें.