सज्जनांचे दुःख आणि पंडिता रमाबाई



पंडिता रमाबाईंचे नाव तुम्हांला नवीन नाही. शारदा सदन, मुक्तिसदन आणि स्त्रीशिक्षण या संदर्भांत ते तुम्ही वाचलेले आहे. प्रस्तुत घटकात मात्र त्यांच्या चरित्राकडे आपण एका प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणार आहोत. जो मनुष्य देवाला स्मरून, नीतीने जगतो त्याच्या वाट्याला दुःख का यावे, हा तो प्रश्न. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यात वादाचा भाग मोठा आणि या प्रश्नाचा विचार थोडा. वस्तुतः त्यांच्या आयुष्याचा आरंभच या प्रश्नाने झाला, असे म्हणावे लागते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि निष्ठावंत वैष्णव. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले व त्यापायी स्वजनांचा रोष पत्करला. पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकविले. हे कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडत पुराणे सांगे, आणि जे मिळे त्यातून दानधर्म करी. कर्ज काढायचे नाही, याचना करायची नाही, पुराणकथनावाचून अन्य मार्गाने पोट भरायचे नाही, असा शास्त्रीबोवांचा बाणा होता. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हाच बाणा त्यांच्या मुळावर आला. जवळचे द्रव्य देवकार्यात आणि ब्राह्मणभोजनांत संपले. व्रते, जप, प्रदक्षिणा चालूच राहिल्या. अखेरीस अकरा दिवस हे लोक रानातला पाला, पाणी आणि मूठभर जंगली खजूर यांवर जगले. प्रथम वडील गेले, थोड्याच महिन्यांत आई आणि थोरली बहीण. आईसाठी रमाबाईंनी एका घरी जाऊन भाकरीचा तुकडा मागून आणला. तो गिळण्याचे त्राण त्या माउलीत उरले नव्हते. तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना म्हणून रमाबाई पुढे झाल्या, आणि उंची कमी पडल्याने त्यांनी ते ओझे डोक्यावर घेतले.

हा प्रसंग वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांनी शास्त्राची आज्ञा कधी मोडली नाही तेच उपाशी मेले. हे सारे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात नोंदविले आहे. तेथे आईवडिलांविषयीचा आदर तसूभरही उणा होत नाही. मात्र व्रतवैकल्यांनी संकट टळते, हा विश्वास त्या दुष्काळातच संपला.

आता ख्रिस्ती परंपरेकडे वळू. हा प्रश्न बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथात सर्वाधिक तीव्रतेने आला आहे. ईयोब निर्दोष व श्रीमंत. एकाएकी त्याची संपत्ती जाते, मुले मरतात, अंगभर गळवे उठतात. तीन मित्र समाचाराला येतात व प्रथम सात दिवस गप्प बसतात. (पुढे ते बोलू लागतात तेव्हा, ते गप्पच राहिले असते तर बरे, असे वाचकाला वाटते.) त्यांचा तर्क सरळ आहे. देव न्यायी आहे, तू दुःखात आहेस, तेव्हा तू पाप केलेच असले पाहिजेस. ईयोब हे मान्य करीत नाही. अखेर देव बोलतो, तो कारण सांगतच नाही. मात्र देवाविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, मित्र नव्हेत, असा निवाडा देतो. नव्या करारात एका जन्मांधाविषयी शिष्य येशूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. आणि क्रुसावर तर जो सर्वथा निष्पाप मानला गेला तोच यातना सोसून मरतो. दुःख हे पापाचे माप आहे, हा समज येथे मोडतो. ख्रिस्ती विचारवंतांनी दुःखाला कधी कसोटी म्हटले, कधी शिस्त, कधी गूढ; परंतु देव स्वतः दुःखात उतरला, ही श्रद्धा या सर्व विवेचनांच्या तळाशी आहे.

भाषेचे अभ्यासक म्हणून तुम्ही येथे क्षणभर थांबावे. मराठीत आपण सुखही भोगतो आणि दुःखही भोगतो. क्रियापद एकच, कारण दोन्ही पूर्वसंचिताची फळे, असा त्यामागचा विचार. ‘भोग सरला’ म्हणताना आपण नकळत एक खाते मिटल्याची नोंद करीत असतो. ‘सोसणे’ या क्रियापदात खाते नाही, भार आहे. मराठी ख्रिस्ती समाजात येशूच्या यातनांना ‘दुःखसहन’ म्हणतात, ‘दुःखभोग’ असे सहसा नाही. ही निवड मला अर्थपूर्ण वाटते.

याचा अर्थ आपल्या परंपरेत दुःखाला कर्मफळ म्हणण्यापलीकडे काही सुचलेच नाही, असा करू नका. रत्नागिरीजवळच्या पावसचे उदाहरण घ्या. स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आले, १९३४ साली मरणाच्या दारातून परतले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे क्षीण देहाने पावस येथेच, देसाई कुटुंबाच्या घरी राहिले. ‘अभंग ज्ञानेश्वरी’ तेथेच सिद्ध झाली. देहाला होणारी पीडा देहाचीच, तिचा साक्षी वेगळा, ही नाथपंथीय सोऽहंसाधनेची दृष्टी. पावसला दुःखाकडे पाहणारा त्याहून निराळा होतो, तर क्रुसाच्या श्रद्धेत देव दुःखितांहून निराळा राहत नाही. दोन्ही मार्गांत दुःखिताला दोषी ठरविलेले नाही, हे साम्य मात्र तुम्ही नोंदवून ठेवावे. रमाबाईंना तेच सर्वांत महत्त्वाचे होते.

का, ते पुढील चरित्रावरून दिसेल. बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भटकत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांचा ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरव केला. १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जात ओलांडून विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

त्या काळच्या विधवेला समाज काय सांगत होता, हे आठवा. पूर्वजन्मीच्या पापामुळे तिने नवरा गिळला, असेच तिच्या कानी पडे. केशवपन, एकवेळचे जेवण, अशुभ ठरलेले तोंड, या साऱ्याला त्या समजुतीचा आधार होता. म्हणजे ईयोबाचे मित्र येथे घराघरांत बसलेले होते. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात रमाबाईंनी या तर्कावरच प्रहार केला. सज्जनांचे दुःख हा त्यांच्यापुढे तात्त्विक कूटप्रश्न नव्हता. दहा-बारा वर्षांच्या पोरीला अपराधी ठरविणारी ती एक रूढी होती.

त्यांचा ख्रिस्ती धर्माकडील प्रवास मात्र सरळ झाला नाही. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकण्याचा बेत बहिरेपणामुळे सोडावा लागला. वाँटेज येथे त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या देशात तो आघात केवढा असेल! लंडनजवळ फुलहॅम येथे जोगिणी ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करताना त्यांनी पाहिल्या. असे का करता, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा ऐकविली गेली. दोष न देता स्त्रीशी बोलणारा देव येथे त्यांना भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि चर्चचा अधिकार आणि त्रैक्याचा सिद्धांत यांविषयी धर्मगुरूंशी त्यांचे वाद चालूच राहिले. ख्रिस्ताशी आपले नाते खऱ्या अर्थाने जुळले ते बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी, असे त्यांनीच पुढे सांगितले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यात आले. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणणे होते, ते तुम्ही स्वतंत्रपणे अभ्यासावे.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, आणि रमाबाई थांबू शकल्या नाहीत. ज्या भुकेने आईला नेले तिचाच चेहरा पुन्हा समोर होता. त्या तेथे गेल्या व शेकडो मुलींना घेऊन परतल्या. प्लेगच्या दिवसांत पुण्यात जागा मिळणे कठीण झाल्यावर केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, सर्व कामे मुली शिकल्या. तारुण्यातल्या उपासमारीचा अर्थ काय, याचे उत्तर रमाबाईंनी कोठे सूत्ररूपाने दिलेले नाही. केडगावची वसती पाहावी. स्त्रियांनी मुकाट सोसावे, असे मात्र त्यांनी कधी शिकविले नाही. क्रूसाचा दाखला देऊन दुबळ्यांना गप्प बसविणारे उपदेशक ख्रिस्ती समाजातही झाले. रमाबाई त्यांच्यात बसत नाहीत.

उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतराची मराठी त्यांना संस्कृतप्रचुर आणि वेदान्ताच्या छटांनी भारलेली वाटे. खेड्यातील बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. संस्कृत पंडितेने संस्कृत शब्द टाळावेत, यातला विरोधाभास तुम्हांला जाणवेल. ज्या शब्दांत जुन्या हिशेबाचा वास येतो ते शब्द नव्या श्रद्धेला नकोत, ही त्यांची सावधगिरी मला त्यामागे दिसते.

कामाचा भार मनोरमेवर सोपवावा, अशी त्यांची योजना होती. तिने शारदा सदनाची धुरा वाहिली होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. यानंतरही रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. जुन्या व नव्या करारांचे ते संपूर्ण भाषांतर १९२४ साली मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम मुक्तिसदनातील मुली व स्त्रियाच करीत असत.