लोकशाहीर अण्णाभाऊ साठे

मला अण्णाभाऊ साठे फार आवडतात. त्यांचे खरे नाव तुकाराम. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी आताच्या सांगली जिल्ह्यात, वाटेगावला झाला. ते दीडच दिवस शाळेत गेले. घरी लई गरिबी होती. म्हणून ते वडिलांबरोबर चालत मुंबईला गेले. तिथे दुकानांच्या पाट्या बघून बघून वाचायला शिकले.

पुढे त्यांनी गिरणीत काम केले. ते कामगारांच्या संपात उतरले. १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. माझे मामा वडाळ्याला राहतात. तिथून माटुंगा लेबर कँप लांब नाही. तिथे अण्णाभाऊ राहायचे, असे मामांनी मला सांगितले.

इंग्रजांचा एक वाईट कायदा होता. मातंग आणि इतर कितीतरी लोकांवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसे. त्यांना हजेरी द्यावी लागे. आमची हजेरी गुरुजी घेतात, ती शिकण्यासाठी. त्यांची हजेरी चोर समजून घेत. १९५२ साली तो कायदा गेला. अण्णाभाऊंनी १९५९ साली ‘फकिरा’ कादंबरीत त्याच लोकांचे शौर्य सांगितले. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. बाबासाहेबांच्या राज्यघटनेने सर्वांना समान मानले.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ वारले. त्यांना दीड दिवस शाळा मिळाली. आपल्याला रोज मिळते. मग ती बुडवायची कशाला?