पाश्चर यांची लस आणि मेंदूचा दाह

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती मराठी घरांतील एका पिढीने अनुभवली आहे. त्या इंजेक्शनांचा उगम लुई पाश्चर यांच्या पॅरिसमधील प्रयोगशाळेत होता.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल येथे, कातडी कमावणाऱ्या कुटुंबात झाला. ते रसायनशास्त्रज्ञ होते. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पाच अपत्यांपैकी तीन मुली त्यांनी लहानपणीच गमावल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. तरीही संशोधन थांबले नाही.

६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावे घेतलेला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर आईसोबत त्यांच्याकडे आला. रेबीजने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवून तयार केलेली लस पाश्चर यांनी डॉक्टरांकरवी त्याला टोचविली. १३ इंजेक्शनांनंतर मुलगा वाचला आणि पाश्चर यांची कीर्ती जगभर पसरली. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले.

मात्र या लसीने हजारो जीव वाचविले, तसे मोजक्या रुग्णांना पक्षाघातही जडला. दोष रेबीजच्या विषाणूचा की लसीचा, हा वाद अनेक वर्षे चालला. १९३० च्या दशकात अमेरिकेत थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. विषाणू नसतानाही काही माकडांच्या मेंदूला दाह झाला. लसीतील मज्जापेशींशी लढायला सज्ज झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते, हे त्यातून पुढे स्पष्ट झाले.

भारतात मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या लसीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता पेशीसंवर्धनातून तयार होणारी लस दंडात दिली जाते. तिच्यात हा धोका राहिलेला नाही.

अशा दाहाची इतर कारणेही आता ज्ञात आहेत. काही रुग्णांत अंडाशयातील गाठ, तर काहींत नागीण गटातील विषाणूंचा मेंदूला झालेला संसर्ग प्रतिकारशक्तीला भरकटवितो. अचानक भ्रम, झटके वा वागण्यातील बदल दिसल्यास तो मानसिक आजारच आहे, असे गृहीत न धरता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. वेळेत निदान झाल्यास अनेक रुग्ण बरे होतात.