वाट चुकलेल्यांचा वाटाड्या : कर्मवीर भाऊराव पाटील

मनुष्याच्या आयुष्यात असा एक काळ येतोच, की जेव्हा सर्व दारे बंद झाल्यासारखी वाटतात. शिक्षणात मन रमत नाही, धंद्यात जम बसत नाही आणि घरच्यांच्या नजरेला नजर देववत नाही. कापडाच्या पेढीवर बसून गेली चाळीस वर्षे मी आपल्या समाजातील अनेक तरुणांना या अवस्थेतून जाताना पाहिले आहे. बी.कॉम. झाल्यावर काही दिवस मीही त्यातून गेलो आहे. अशा वेळी ज्यांचे चरित्र आठवावे, असे आपल्याच समाजात जन्मलेले थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. मुलाने शिकावे, मोठ्या हुद्द्यावर जावे, अशी त्यांची इच्छा असणे स्वाभाविकच होते. त्यासाठी भाऊरावांना कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात घातले व जैन बोर्डिंगात त्यांची राहण्याची सोय झाली. परंतु भाऊरावांचे मन पुस्तकापेक्षा तालमीत आणि अन्यायाविरुद्ध उभे राहण्यात अधिक रमे. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी साफ नकार दिला. परिणामी बोर्डिंग सुटले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला खरा, पण शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही.

पुढे विवाह झाला. संसाराची जबाबदारी आली. हातात पदवी नाही, नोकरी नाही. भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या सुरू केल्या. जो स्वतः परीक्षेत मागे पडला, तोच मुलांना उत्तम शिकवू लागला आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. जिथे अपयश आले, त्याच क्षेत्रात आपले सामर्थ्य दडले आहे, याची ही पहिली खूण होती. पण ती ओळखण्यास अजून अवधी होता.

1914 साली कोल्हापुरातील डांबर प्रकरणाने त्यांच्यावर घोर संकट आणले. अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून त्यांचा छळ झाला. वस्तुतः याच लठ्ठे यांच्या देखरेखीखालील बोर्डिंगातून ते बाहेर पडले होते. मनात सूड असता, तर एक साक्ष पुरेशी होती. भाऊरावांनी असत्य बोलण्यापेक्षा तुरुंग पत्करला. तेथे निराशेच्या भरात त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. पुढे लाखो मुलांना ज्यांचा आधार लाभला, तेच एकदा स्वतःच्या जीवनाला कंटाळले होते, हे आपण विसरता कामा नये.

सुटकेनंतर त्यांनी ओगले यांच्या कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम केले. आम्हा व्यापाऱ्यांना ठाऊक आहे, की फिरता विक्रेता केवळ माल विकत नाही, तो घराघरांतील सुखदुःख पाहतो. लोखंडी नांगराने जमीन बिघडते, असे मानणारा शेतकरी त्यांनी जवळून पाहिला. दारिद्र्य आणि अंधश्रद्धा यांचे मूळ अज्ञानात आहे, हे त्यांना उमगले. विक्रीसाठी केलेली पायपीट वाया गेली नाही. तिनेच त्यांना त्यांचे खरे कार्य दाखवले.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये संस्था साताऱ्यास आली. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू, जेवू व शिकू लागली. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने दिले, मंगळसूत्रही राखले नाही. 1930 साली त्या निवर्तल्या. तरी कार्य थांबले नाही. विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे, हा त्यांचा दंडक होता. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. मॅट्रिक न झालेल्या या पुरुषास 1959 साली पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी पद्मभूषणही मिळाले. 9 मे 1959 रोजी त्यांनी देह ठेवला.

भाऊरावांना आपला मार्ग सापडला, तेव्हा त्यांनी वयाची तिशी ओलांडली होती. तोवर केलेले एकही काम निरर्थक ठरले नाही. शिकवणीने शिक्षक घडवला, तुरुंगाने निर्धार दिला, फिरतीने समाज दाखवला. म्हणून घरातील मुलगा अडखळला, तर त्याला नालायक ठरवण्याची घाई पालकांनी करू नये आणि तरुणांनीही हाती आलेले काम हलके मानू नये.

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील एका जरी खचलेल्या तरुणाच्या पाठीवर आपण हात ठेवू शकलो, तर तेच कर्मवीरांना खरे अभिवादन ठरेल.