पंडिता रमाबाई: पाहण्याची जागा बदलली तेव्हा



उरवडे-पिरंगुट भागातल्या कारखान्यांत कामाला जाणारी आपली तरुण मुले हल्ली भेटायला येतात, तेव्हा त्यांच्या तोंडी एक नवा शब्द असतो, ‘लाइफ कोच’. कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले असतात, कुणी शिबिराला बसून आलेला असतो. अडचणीकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदला म्हणजे वाट सापडते, असे तिथे सांगतात. परवा एका मुलाने मला सरळच विचारले, की फादर, माझी नोकरी गेली ती गेलीच ना, मी इकडून पाहिले काय अन् तिकडून पाहिले काय, ती परत येणार आहे का?

सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, पण त्या क्षणी पुस्तकातले काही आठवले नाही. आठवल्या त्या आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाई. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हे प्रथमच सांगून टाकतो. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे त्या चर्चच्या अधिकाऱ्यांशीही त्यांचे पटले नाही. श्रद्धेच्या बाबतीत दुसऱ्याने सांगितले म्हणून मान डोलावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तरी त्यांचे जीवन आपण वाचावे असे मला मनापासून वाटते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्या काळी स्त्रीने संस्कृत शिकणे पाप समजत, पण त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. लक्ष्मीबाईंनी ते लेकीला दिले. भागवतातले हजारो श्लोक रमाबाईंना लहानपणीच पाठ झाले. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरायचे. मग मोठा दुष्काळ आला. 1874 च्या सुमारास आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण असे एकामागून एक गेले. मागे राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे उपाशीतापाशी, बरेचसे पायीच, हिंडत राहिले आणि 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या.

पण हा मान मिळाल्यावरही घरचे मरण थांबले नाही. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे पुन्हा लोकांचा रोष ओढवला. 1881 साली मुलगी मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. चोविसावे वर्षही पुरे व्हायचे होते.

हे दुःख काही दृष्टिकोन बदलून नाहीसे होणारे नव्हते, आणि झालेही नाही. सगळे चांगल्यासाठीच होते, असे विधवेच्या तोंडावर सांगणारा माणूस मला तरी निर्दय वाटतो. रमाबाईंनी मनाची अशी समजूत घातल्याचे दिसत नाही. त्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात अशी मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून 1883 साली मुलीसह इंग्लंडला निघाल्या. पुस्तक विकून आलेला पैसा प्रवासाला लावला.

तिथे दार बंद झाले. त्यांना ऐकू कमी येत होते, आणि या बहिरेपणामुळे वैद्यकीचे शिक्षण घेता येणार नाही असे ठरले. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातचे गेले. आपल्या त्या मुलाचा प्रश्न इथे बरोबर लागू पडतो. कान काही बरे झाले नाहीत, पुढे जन्मभर त्यांना तो त्रास राहिला. पण बायकांना मदत करायची तर डॉक्टरच व्हायला हवे, ही एकच वाट त्यांनी आजवर पाहिली होती. आता त्यांनी शिक्षिका व्हायचे ठरवले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः गणित व विज्ञान शिकू लागल्या.

त्याच मुक्कामात आणखी एक गोष्ट घडली आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. वाँटेजच्या ज्या सिस्टरांकडे त्या राहत होत्या, त्यांचे लंडनमध्ये फुलहॅम येथे एक आश्रयघर होते. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळत असे. त्या स्त्रियांची सेवा करण्यात सिस्टरांना किळस नाही, उलट प्रेम आहे, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. ज्या शास्त्रांत त्या वाढल्या तिथे अशा स्त्रीला शिक्षा होती, परतीची वाट नव्हती. सिस्टरांना हे कुठून सुचते असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली ती बाई आपल्याला चांगली माहीत आहे. गाव तिच्याकडे तिच्या पाच नवऱ्यांच्या हिशेबाने पाहत होते. प्रभू येशूने तिच्याकडे पाणी मागितले. आजवर रमाबाई विधवांची बाजू एक विदुषी म्हणून मांडत होत्या. इथून पुढे त्या टाकलेल्या बाईच्या जागी उभ्या राहून पाहू लागल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी पुस्तक लिहिले, भाषणे केली. बोस्टनला त्यांच्या नावाने मंडळ निघाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईला विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. त्या शाळेची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

1893 मध्ये वादळ उठले. सदनात कुणाच्या धर्माला हात लावणार नाही असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली आपण होऊन तिथे जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेचा भडिमार केला, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी माणसे बाहेर पडली आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. मी धर्मगुरू असल्याने माझी सहानुभूती कुठे असेल हे सांगायला नको. पण विधवा लेकीला लोकांचा विरोध सोसून शाळेत घालणाऱ्या बापाच्या बाजूनेही एकदा पाहावे. त्याला आपली फसवणूक झाली असे वाटले, तर ते अगदीच चुकीचे नव्हते. रमाबाईंनी प्रार्थनेचे दार लावले नाही, आणि त्याची किंमतही मोजली.

अमेरिकेची मदत दहा वर्षांनी संपणार हे ओळखून त्यांनी केडगावला शंभर एकराच्या आसपास जमीन घेऊन फळबाग लावून ठेवली होती. तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींची वर्णने ऐकताना त्यांना वीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे घर दिसले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्याने एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या शेतात झोपड्या उभ्या राहिल्या आणि तेच ‘मुक्ती’ झाले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजाराच्या घरात गेली. एवढ्या जणींना नुसते जेवू घालायचे नाही, त्यांना स्वतःच्या पायावर उभे करायचे, म्हणून शेती, विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरे, छापखाना असे सारे तिथे होते. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवीत. फुलहॅमला पाहिले होते तसे आश्रयघरही उघडले, त्याचे नाव ‘कृपासदन’.

शेवटच्या वर्षांतले त्यांचे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्या उतारवयात शिकल्या. संस्कृतची ही पंडिता, पण भाषांतर करताना तिने भारी संस्कृत शब्द बाजूला ठेवले. नुकत्याच अक्षरे जुळवायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईला वाचून कळले पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. माझ्यासारख्या प्रवचन देणाऱ्याला इथे थोडी लाज वाटते. कितीतरी रविवारी मी मागच्या बाकावर बसलेल्या आजीला न कळणारे शब्द वापरून वेदीवरून खाली उतरलो आहे.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. आईमागे ‘मुक्ती’ सांभाळायची ती मुलगीच आधी गेली. रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल 1924 साली छापून निघाले. त्याचे खिळे ‘मुक्ती’तल्या स्त्रियांनीच जुळवले होते.