कर्मवीरांची शिदोरी

बारामती व इंदापूर तालुक्यांतील महाविद्यालयांचे विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी सात दिवस खेड्यात मुक्काम करतात. नीरेच्या कालव्यामुळे येथील काही गावे बागायती झाली, तर काही आजही पावसाकडे डोळे लावून बसतात. अशा गावी बांध घालणे, झाडे लावणे ही कामे शिबिरार्थी करतात. ही योजना १९६९ साली सुरू झाली. परंतु विद्यार्थ्याने हाती कुदळ घ्यावी, हा विचार महाराष्ट्रात त्यापूर्वीच रुजला होता. तो रुजविणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आम्ही आज स्मरण करीत आहोत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्‌घाटनास ते गेले आणि त्यापायी त्यांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले. त्यांचे शालेय शिक्षण अपुरेच राहिले.

१९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत, स्वयंपाक करीत व शेतात राबत. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रही दिले. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि कष्ट करून शिकण्याची वाट उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. देऊन गौरविले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्याच विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीरांचे नाव धारण करते. गरीब घरचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या बागेत वा ग्रंथालयात काम करून शिक्षणाचा खर्च भागवितो.

मात्र आम्हांस एक खंत वाटते. सेवेचे तास वहीत भरले, प्रमाणपत्र मिळाले, की कुदळ कोपऱ्यात जाते. कर्मवीरांची मुले परक्यांवर उपकार करीत नव्हती. स्वतःची भाकरी मिळवीत ती शेजाऱ्याची जात विसरत होती. शिबिराहून परतताना आमच्या तरुणांनी हीच शिदोरी घरी न्यावी, अशी आमची इच्छा आहे.