बापूंच्या कमरेचे घड्याळ

न्यूयॉर्क येथे ५ मार्च २००९ रोजी झालेल्या एका लिलावाकडे साऱ्या भारताचे लक्ष लागले होते. विक्रीस आलेल्या वस्तू अगदी थोड्या होत्या. एक चष्मा, चपलांचा जोड, एक वाटी, एक थाळी आणि चांदीचे एक खिशातील घड्याळ. या सर्व वस्तू महात्मा गांधी यांच्या वापरातील होत्या. लिलाव थांबविण्यासाठी भारत सरकारने प्रयत्न केले होते आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातही गेले होते. अखेरीस उद्योगपती विजय मल्ल्या यांनी १८ लाख डॉलरची बोली लावली.

या वस्तूंपैकी घड्याळ १९१० च्या सुमारास झेनिथ या स्विस कंपनीने बनविलेले होते. त्याला गजराची सोय होती. आज अशा घड्याळाला संग्राहक जपून कपाटात ठेवतात. गांधीजींनी मात्र खिशातील घड्याळ हे नेहमी रोजच्या कामाची वस्तू म्हणूनच वापरले. जगाने मनगटी घड्याळ स्वीकारल्यानंतरही ते जुन्या पद्धतीच्या घड्याळावरच राहिले. यंत्रयुगाचा इतका कठोर टीकाकार एका छोट्या यंत्राला आयुष्यभर कमरेशी बाळगून होता. त्याची कारणे त्यांच्या चरित्रातच सापडतात.

पोरबंदर येथे २ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्मलेले मोहनदास करमचंद गांधी १८८८ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. तेथे सुरुवातीच्या काळात त्यांना इंग्रजी सद्गृहस्थ बनण्याचे वेड लागले. बाँड स्ट्रीटवर त्यांनी दहा पौंडांचा पोशाख शिवून घेतला, उंच टोपी घेतली, नृत्य आणि व्हायोलिन शिकण्याचाही प्रयत्न केला. त्याच भरात त्यांनी थोरल्या बंधूंकडून घड्याळासाठी सोन्याची दुपदरी साखळी मागवून घेतली. कुटुंबाने ती पाठविलीही. गळपट्टा बांधण्यात आणि भांग पाडण्यात आरशासमोर रोज दहा मिनिटे जात असत, याची नोंद त्यांनी पुढे आत्मकथेत पश्चात्तापाने केली आहे. म्हणजे अंगावर वेळ सांगणाऱ्या वस्तूचा दागिना होता आणि वेळ मात्र वाया जात होता. हे वेड सुमारे तीन महिने टिकले. त्यानंतर पै-पैचा हिशेब, स्वस्त खोली आणि पायी चालणे सुरू झाले.

सोन्याच्या घड्याळाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो १९०१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत. भारतात परतण्याचा निर्णय जाहीर होताच नाताळमधील हिंदी समाजाने त्यांच्यावर भेटींचा वर्षाव केला. सोने, चांदी, हिरे आणि कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार. त्या रात्री गांधीजींना झोप आली नाही, ते येरझारा घालीत राहिले. घर साधे करीत आणलेले असताना सोन्याची घड्याळे वापरायची कशी आणि साखळ्या-अंगठ्या घालायच्या कशा, हा प्रश्न त्यांना छळत होता. सकाळपर्यंत त्यांनी या वस्तूंचा समाजासाठी विश्वस्तनिधी करण्याचे ठरविले. पारशी रुस्तमजी हे विश्वस्तांपैकी एक होते. कस्तुरबांना हा निर्णय मान्य नव्हता. हार आपल्याला मिळाला आहे, सुनांसाठी तो लागेल, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो निराधार नव्हता. घरात अश्रू आले, वाद झाला, आणि शेवटी गांधीजींचेच म्हणणे खरे ठरले. हा प्रसंग सांगताना कस्तुरबांची बाजू अनेकदा गाळली जाते, ती गाळणे योग्य नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनासाठी कोलकात्याला गेले. अध्यक्षस्थानी दिनशा वाच्छा होते. वेळेचा किती अपव्यय होऊ शकतो, हे तेथे त्यांना जवळून दिसले. स्वयंसेवक कामे एकमेकांवर ढकलीत होते आणि एका माणसाचे काम करायला कितीतरी माणसे लागत होती. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांविषयीचा त्यांचा ठराव रात्री उशिरा पुढे आला. बोलण्यासाठी पाच मिनिटे होती. ती पूर्ण होण्यापूर्वीच अध्यक्षांची घंटा वाजली आणि गांधीजी खाली बसले. ती घंटा दोन मिनिटे उरल्याची सूचना देणारी होती, हे त्यांना ठाऊक नव्हते. अर्धा-पाऊण तास बोलणाऱ्यांसाठी कोणतीही घंटा वाजली नव्हती, ही गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागली.

अधिवेशन संपल्यावर कोलकात्यातच त्यांना याच्या अगदी उलट उदाहरण पाहावयास मिळाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना आपल्याकडे राहायला बोलावले आणि गांधीजी सुमारे महिनाभर त्यांच्या सहवासात राहिले. महाराष्ट्राच्या या नेत्याचे एक मिनिटही वाया जात नाही, त्याच्या गप्पा आणि मैत्रीसुद्धा देशकार्याच्याच असतात, असे त्यांना आढळले. गोखले ट्रामऐवजी घोडागाडीने जातात हे त्यांना प्रथम खटकले. प्रसिद्धीमुळे ट्रामने हिंडणे आपल्याला अवघड झाले आहे, असे गोखल्यांनी समजावले तेव्हा त्यांनी ते मान्य केले, पण गोखले चालण्याचा व्यायाम करीत नाहीत ही तक्रार कायम ठेवली. गांधीजींनी ज्यांना राजकीय गुरू मानले त्या गोखल्यांकडून त्यांनी काय घेतले, याची चर्चा बहुधा मवाळ राजकारणापुरती होते. दिवसाच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब हा त्या वारशाचा तितकाच महत्त्वाचा भाग होता.

पुढे १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना त्यांनी बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. रेल्वे, गिरण्या आणि एकूणच यांत्रिक संस्कृतीवर त्यात कडक टीका आहे. १९१४ मध्ये इंग्लंडच्या प्रवासात मित्र हरमन कॅलनबाख यांची मौल्यवान दुर्बीण त्यांनी वादाअंती समुद्रात टाकायला लावली. अशा माणसाने घड्याळ का टाकून दिले नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर त्यांनी १९२४-२५ च्या सुमारास दोन ठिकाणी दिले आहे. त्यांचा विरोध यंत्राला नव्हता, यंत्राच्या वेडाला होता. शिवणाच्या यंत्राला त्यांनी उघडपणे अपवाद मानले, कारण ते माणसाचे श्रम वाचवते आणि त्याला बेकार करीत नाही. स्वदेशीबाबतही त्यांची भूमिका स्पष्ट होती. शस्त्रक्रियेची उपकरणे इंग्लंडहून, टाचण्या आणि पेन्सिली ऑस्ट्रियाहून आणि घड्याळे स्वित्झर्लंडहून घेण्यास त्यांची हरकत नव्हती. कापड मात्र कितीही तलम असले तरी परदेशातून इंचभरही घ्यायचे नाही. ज्या वस्तूमुळे येथील विणकराची चूल विझते ती नको, एवढीच ती कसोटी होती. भारतात त्या काळी घड्याळांचा उद्योग उभा राहिलेला नव्हता. बंगळूर येथे हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने मनगटी घड्याळे बनविली ती १९६१ मध्ये, गांधीजींच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी.

दरम्यान जगात घड्याळाची जागा बदलत होती. पहिल्या महायुद्धापूर्वी मनगटी घड्याळ हा बहुतांशी स्त्रियांचा अलंकार समजला जाई. खंदकातील सैनिकाला खिशात हात घालून वेळ पाहणे परवडणारे नव्हते. युद्ध संपले तेव्हा मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातावर स्थिरावले होते आणि १९३० पर्यंत त्याने खिशातील घड्याळाला मागे टाकले. भारतातही शिकलेल्या तरुणाच्या हातावर ते दिसू लागले. नेमक्या याच काळात, सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे, गांधीजींनी अंगरखा आणि टोपी सोडून पंचा स्वीकारला. आता घड्याळ खिशातील आणि अंगावर खिसाच नाही, अशी स्थिती झाली. त्यांनी ते कमरेला लटकावले. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा सोन्याच्या दुपदरी साखळीच्या जागी कमरेला असे लटकणारे घड्याळ होते. त्या काळातील अनेक छायाचित्रांत ते दिसते.

त्यांच्या वापरात इंगरसोल कंपनीचे साधे घड्याळही होते. या अमेरिकी कंपनीने १८९६ मध्ये अवघ्या एका डॉलरला घड्याळ विकायला सुरुवात केली आणि कामगाराच्या हाती प्रथमच वेळ आली. ही घड्याळे नाजूक कारागिरीसाठी नव्हे, तर दणकटपणासाठी ओळखली जात. झेनिथ हे त्या मानाने वरच्या दर्जाचे, भेट म्हणून मिळालेले. दोन्ही चावीची. अशा घड्याळाला रोज न चुकता चावी द्यावी लागते, काही वर्षांनी घड्याळजीकडून तेलपाणी करून घ्यावे लागते आणि अधूनमधून काटे जुळवावे लागतात. बॅटरीवरच्या घड्याळाला यातले काहीच लागत नाही. रोजच्या वापरासाठी जुने घड्याळ निवडणाऱ्याला आजही हाच हिशेब करावा लागतो. मात्र वस्तूची निगा राखणे हा ज्याच्या दिनक्रमाचाच भाग आहे, त्याला ते जड जात नाही. पेन्सिलीचा एक लहानसा तुकडा हरवला म्हणून गांधीजी तो किती आटापिटा करून शोधत होते, ही आठवण काकासाहेब कालेलकरांनी नोंदविली आहे. एका बालकाने प्रेमाने दिलेला तो तुकडा होता.

वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे १९३६ पासून त्यांचा दिवस पहाटे चारच्या सुमारास सुरू होई. प्रार्थना, फिरणे, सूतकताई, पत्रे, रुग्णांची विचारपूस आणि भेटी यांच्या वेळा ठरलेल्या असत. भेटीला आलेला माणूस कितीही मोठा असला तरी त्याला दिलेली वेळ संपली, की गांधीजी घड्याळाकडे पाहत. अनेकांना हे कठोर वाटे. सोमवार मौनाचा. वेळ ही स्वतःची मालमत्ता नाही, ती लोकांनी सोपविलेली ठेव आहे, ही त्यामागची धारणा होती. १९०१ च्या त्या विश्वस्तनिधीत सोने गेले, पुढे मिनिटेही त्याच खात्यावर जमा झाली असे म्हणता येईल. १२ मार्च १९३० रोजी सकाळी साडेसहा वाजता साबरमतीहून निघालेली दांडीयात्रा २४ दिवसांत २४१ मैल चालून ठरल्याप्रमाणे समुद्रकिनारी पोहोचली. तिच्या मागेही हीच शिस्त होती.

१९४७ मध्ये ते पुन्हा कोलकात्यात होते. हे शहर तेव्हा भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २४ मिनिटे पुढे असलेली स्वतःची वेळ पाळत असे, आणि ही पद्धत १९४८ पर्यंत चालू होती. १३ ऑगस्ट रोजी ते पूर्व भागातील बेलियाघाटा येथील हैदरी मंझिल या पडक्या वाड्यात राहायला गेले. दंगली थांबल्याचे काही दिवस वाटले, पण महिनाअखेरीस त्या पुन्हा उसळल्या. १ सप्टेंबरच्या रात्री सव्वाआठ वाजता वयाच्या ७७ व्या वर्षी गांधीजींनी उपोषण सुरू केले. शहरात रक्तपात चालू असताना प्रत्येक तास मोजला जात होता. सर्व जमातींच्या नेत्यांनी शांततेची लेखी हमी दिल्यावर ४ सप्टेंबरच्या रात्री सव्वानऊ वाजता, म्हणजे ७३ तासांनी, त्यांनी ते सोडले. दंगलखोरांनी आपली शस्त्रे आणून त्यांच्यासमोर ठेवली. कोलकाता शांत झाले आणि ७ सप्टेंबरला ते दिल्लीकडे निघाले.

त्याच वर्षी एका रेल्वे प्रवासात कानपूर येथे त्यांचे झेनिथ घड्याळ चोरीस गेले. कोणतीही वस्तू आपली न मानणाऱ्या गांधीजींना ही चोरी मात्र लागली. सुमारे सहा महिन्यांनी दिल्लीत एक मनुष्य त्यांच्याकडे आला. तो चोरच होता. त्याने घड्याळ परत केले आणि क्षमा मागितली. गांधीजींनी ती दिली. हे घड्याळ पुढे त्यांच्या नातेसून आभा गांधी यांच्याकडे गेले.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीतील बिर्ला भवनात दुपारी चारच्या सुमारास सरदार वल्लभभाई पटेल गांधीजींना भेटायला आले. सरदार आणि पंडित नेहरू यांच्यातील मतभेदांवर बोलणे चालू होते. पाच वाजता प्रार्थनेची वेळ झाली, तरी संभाषण संपले नाही. मध्ये बोलण्याचे धाडस कोणाला होईना, म्हणून आभा यांनी घड्याळ उचलून बापूंसमोर धरले. पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमारास ते उठले आणि आभा व मनू यांच्या खांद्यांवर हात ठेवून हिरवळीवरून झपझप चालू लागले. वाटेत आभा यांनी घड्याळाकडे दुर्लक्ष झाल्यावरून त्यांची थट्टा केली. तुम्हीच माझ्या वेळ सांगणाऱ्या, मग मी घड्याळ कशाला पाहू, अशा अर्थाचे त्यांनी हसत उत्तर दिले, पण प्रार्थनेला एक मिनिटाचाही उशीर आपल्याला खपत नाही, हेही सांगितले. चौथऱ्याच्या पायऱ्या चढून त्यांनी लोकांना हात जोडले. पाच वाजून सतरा मिनिटांनी नथुराम गोडसे याने त्यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या.